ड्रिल यंत्रावरील मिलिंग

ड्रिल यंत्रावरील मिलिंग म्हणजे छिद्रे पाडण्यासाठी बनवलेल्या उभ्या ड्रिल यंत्रात मिलिंग कटर बसवून, त्याखाली धातूचा तुकडा आडवा सरकवत त्याचा पृष्ठभाग सपाट करणे, त्यात खाच पाडणे किंवा त्याची कड मापात आणणे होय. स्वतंत्र मिलिंग यंत्र घेण्याइतका पैसा किंवा जागा नसलेले हौशी कारागीर, यंत्रांच्या प्रतिकृती बनवणारे छांदिष्ट आणि लहान दुरुस्ती-कार्यशाळा या पद्धतीचा अवलंब करतात.

उभे मिलिंग यंत्र आणि ड्रिल यंत्र ही दिसायला सारखी असतात. दोहोंत उभा फिरणारा स्पिंडल, त्याखाली टेबल आणि स्पिंडल वरखाली करणारा दांडा असतो. परंतु ड्रिल यंत्राची रचना अक्षाच्या दिशेने येणारा दाब पेलण्यासाठी केलेली असते, तर मिलिंगमध्ये मुख्य बळ बाजूने येते. या एका फरकातून या पद्धतीच्या बहुतेक सर्व मर्यादा आणि धोके उद्भवतात. योग्य तयारी केल्यास अॅल्युमिनियम, पितळ आणि प्लास्टिक यांत हलके काम करता येते. पोलादात फारच कमी काम साधते. कटर धरणारा भाग स्पिंडलला स्क्रूने बांधलेला नसेल, तर तो फिरता फिरता निसटून पडू शकतो. म्हणून केवळ घर्षणावर अडकलेल्या चकात मिलिंग करणे असुरक्षित मानले जाते.

संज्ञा

मराठी परिभाषेत ड्रिल यंत्राला छिद्रण यंत्र व मिलिंग यंत्राला चक्री कर्तन यंत्र असे म्हणतात. कार्यशाळांत मात्र ड्रिल मशीन, मिलिंग मशीन, कटर, चक, वाइस, जॉब असे इंग्रजीतून आलेले शब्दच रूढ आहेत. या लेखात प्रामुख्याने हेच शब्द वापरले आहेत. ज्या तुकड्यावर काम चालते त्याला जॉब म्हणतात. जॉब कटरखाली पुढे सरकण्याच्या वेगाला फीड म्हणतात. टोकाला आणि बाजूला अशा दोन्ही ठिकाणी धार असलेला दांड्यासारखा कटर म्हणजे एंडमिल होय. तो ड्रिलसारखा दिसतो, पण ड्रिल केवळ टोकाने कापते, तर एंडमिल बाजूनेही कापतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मिलिंग यंत्राचा विकास एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतील बंदूक-कारखान्यांत झाला. एकमेकांच्या जागी बसू शकतील असे सुटे भाग बनवण्याची गरज ही त्यामागची मुख्य प्रेरणा होती. १८१८ च्या सुमाराच्या यंत्राचे श्रेय दीर्घकाळ एली व्हिटनी यांना दिले जात असे. पुढील संशोधनातून हे यंत्र अनेक कारागिरांच्या प्रयत्नांतून घडल्याचे दिसून आले. १८६२ मध्ये जोसेफ ब्राउन यांनी सार्वत्रिक मिलिंग यंत्र तयार केले. १९३८ मध्ये अमेरिकेत ब्रिजपोर्ट हे उभे मिलिंग यंत्र आले आणि लहान कार्यशाळांतील मिलिंगचे ते जणू प्रमाणरूप ठरले.

ड्रिल यंत्राची वाट याहून निराळी आहे. स्टीफन मोर्स यांनी १८६० च्या दशकात पीळदार ड्रिल आणि ते धरणारा निमुळता शंकू प्रचारात आणला. हा शंकू आज मोर्स टेपर म्हणून ओळखला जातो. आर्थर जेकब्स यांनी १९०२ मध्ये किल्लीने आवळण्याच्या तीन जबड्यांच्या चकाचे एकस्व मिळवले. १९२० आणि १९३० च्या दशकांत अमेरिकेत डेल्टा, वॉकर-टर्नर यांसारख्या उत्पादकांनी घरगुती कार्यशाळेसाठी टेबलावर ठेवता येणारी ड्रिल यंत्रे बाजारात आणली आणि हे यंत्र सामान्य छांदिष्टाच्या आवाक्यात आले.

घरी धातुकाम करण्याची परंपरा ब्रिटनमध्ये १८९८ साली सुरू झालेल्या ‘मॉडेल इंजिनियर’ या नियतकालिकाने जोपासली. अमेरिकेत डेव्हिड गिंगरी यांनी १९८० च्या दशकात भंगारातील अॅल्युमिनियम वितळवून लेथ, शेपर, मिलिंग यंत्र आणि ड्रिल यंत्र घरीच कसे बनवावे हे सांगणारी पुस्तकमाला लिहिली. हाताशी असलेल्या साध्या यंत्राकडून अधिक काम करून घेण्याची जी वृत्ती या परंपरेत आहे, तिचाच एक आविष्कार म्हणजे ड्रिल यंत्रावरील मिलिंग होय.

रचनेतील फरक

ड्रिल यंत्रात विजेच्या मोटरची गती पट्ट्याने आणि पायऱ्यांच्या पुलींनी स्पिंडलपर्यंत पोहोचते. स्पिंडल एका पोकळ नळीत, म्हणजे क्विलमध्ये, बॉल बेअरिंगांवर फिरतो. दांडा ओढला की रॅक-पिनियनच्या साहाय्याने क्विल खाली येते. यंत्राचे डोके आणि टेबल एका गोल खांबावर आवळलेले असतात.

ड्रिल यंत्राच्या बेअरिंगांना बाजूचा भार अजिबात पेलवत नाही, असा एक समज आहे. तो पूर्णपणे बरोबर नाही. सामान्य बॉल बेअरिंग मुळात बाजूचा भार पेलण्यासाठीच बनवलेले असते. खरी उणीव इतर चार ठिकाणी असते.

* शंकूचा जोड: चक घर्षणाने अडकलेला असतो, बांधलेला नसतो.
* क्विल: ती सहज सरकावी म्हणून तिच्या भोवती थोडी मोकळीक ठेवलेली असते. क्विल जितकी अधिक बाहेर येते, तितके कटरचे टोक अधिक हलते.
* खांब: तो बारीक व गोल असल्याने बाजूच्या बळाने लवचिकपणे वाकतो. टेबल वरखाली करताना ते खांबाभोवती फिरते आणि आधी जुळवलेली जागा चुकते.
* टेबल: बहुतेक यंत्रांत ते एकाच बाजूने आधार दिलेले असते. त्यामुळे त्याचे बाहेरचे टोक दाबाखाली झुकते.

मिलिंग यंत्रात क्विल घट्ट आवळता येते, खांबाचा छेद मोठा असतो आणि टेबल पाचरीसारख्या सरकमार्गांवर अचूकपणे सरकते. दोहोंच्या मधले एक यंत्रही मिळते. १९७० च्या दशकानंतर तैवानमध्ये बनलेली गोल खांबाची मिल-ड्रिल यंत्रे जगभर पसरली. त्यांत ड्रॉबार आणि सरकते टेबल असते, पण डोके वर घेतले की कटरची जागा बदलण्याचा दोष त्यांतही उरतो.

चक निसटण्याचे कारण

मोर्स टेपरचा उतार सुमारे २० ला १ इतका असतो, म्हणजे शंकूच्या बाजूचा अक्षाशी कोन सुमारे दीड अंश असतो. इतक्या लहान कोनात पोलाद पोलादात दाबून बसवले की घर्षणामुळे ते आपोआप अडकून राहते. ड्रिल करताना जॉबचा दाब खालून वर येतो आणि शंकू अधिकच घट्ट बसतो. म्हणून ड्रिलिंगसाठी हा जोड उत्तम आहे.

मिलिंगमध्ये परिस्थिती उलटते. वर ढकलणारा दाब नाहीसा होतो. कटरचा प्रत्येक दात जॉबवर आदळतो आणि बाजूने धक्का देतो. दोन दातांचा कटर मिनिटाला १,३०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला सुमारे ४३ धक्के बसतात. शिवाय नेहमीच्या एंडमिलचा पीळ असा असतो की कापताना तो कटरला खाली, जॉबकडे ओढतो. सततचे कंपन आणि खालची ओढ यांमुळे शंकूची पकड हळूहळू सुटते आणि फिरता चक कटरसह खाली पडतो. कटर तुटतो, जॉब बिघडतो आणि जड चक टेबलावरून उसळून कारागिराच्या अंगावर येऊ शकतो.

अनेक यंत्रांत असे दोन जोड असतात. एक जोड स्पिंडल आणि आर्बर यांच्यामध्ये असतो, दुसरा आर्बर आणि चक यांच्यामध्ये. यांपैकी कोणताही जोड सुटू शकतो. याशिवाय चकाचे जबडे कटरच्या कडक, गुळगुळीत दांड्याला केवळ तीन अरुंद रेषांवर धरतात, त्यामुळे कटर चकातूनही खाली सरकू शकतो. खाच ठरवल्यापेक्षा खोल होत गेली, तर बहुधा हेच कारण असते.

यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे ड्रॉबार. हा लांब बोल्ट पोकळ स्पिंडलमधून वरून घालतात आणि शंकूच्या टोकातील आट्यांत आवळतात. त्यासोबत चकाऐवजी कॉलेट किंवा बाजूच्या स्क्रूने कटर धरणारा होल्डर वापरतात. परंतु बहुतेक घरगुती ड्रिल यंत्रांचा स्पिंडल भरीव असतो, त्यामुळे ड्रॉबार बसवताच येत नाही. एखादे यंत्र मिलिंगला योग्य आहे की नाही, हे ठरवताना म्हणूनच प्रथम स्पिंडल पोकळ आहे का ते पाहावे लागते.

शक्ती आणि दृढता

ड्रिल यंत्राची मोटर लहान असल्यामुळे मिलिंग जमत नाही, असे अनेकांना वाटते. साधा हिशेब याच्या उलट सांगतो. ६ मि.मी. रुंदीची आणि अर्धा मि.मी. खोलीची खाच मिनिटाला ६० मि.मी. या फीडने पाडली, तर सेकंदाला ३ घन मि.मी. धातू निघतो. मऊ पोलादाचा एक घन मि.मी. कापण्यास सुमारे ३ जूल ऊर्जा लागते असे धरले, तर या कामाला अवघी ९ वॅट शक्ती पुरते. घरगुती ड्रिल यंत्राची मोटर याच्या कितीतरी पट शक्तिशाली असते.

अडचण शक्तीची नसून दृढतेची असते. कटर, क्विल आणि खांब थोडे वाकले की दात आधी घसरतो, मग अचानक रुततो. त्यातून खडखडाट होतो आणि पृष्ठभागावर लाटांसारखे ठसे उमटतात. एका टोकाला धरलेल्या दांड्याच्या टोकावर बळ लावले असता त्याचे वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजेच चकाबाहेर आलेली कटरची लांबी निम्मी केली, तर त्याचे वाकणे एक-अष्टमांश होते. यामुळे कटर शक्य तितका आखूड ठेवणे, क्विल जवळजवळ पूर्ण वर घेऊन आवळणे आणि त्याऐवजी टेबल उंच करणे, हे या पद्धतीतील मूलभूत नियम ठरतात.

साधने आणि तयारी

जॉब सरकवण्यासाठी दोन दिशांना चालणारा क्रॉस वाइस किंवा क्रॉस स्लाइड टेबल लागते. ते ड्रिल यंत्राच्या टेबलावर बोल्टने पक्के करतात. जॉब हाताने धरून किंवा सुटा वाइस हाताने ढकलून मिलिंग करणे अत्यंत धोकादायक असते, कारण कटर रुतताच जॉब हातातून हिसकावला जातो.

स्वस्त क्रॉस वाइसच्या स्क्रूमध्ये मोकळीक असते. चाक उलट फिरवल्यावर टेबल लगेच हलत नाही. त्यामुळे जॉब कोणत्या दिशेने सरकवावा याला महत्त्व येते. कटरचे दात ज्या दिशेने जातात, तिच्या विरुद्ध दिशेने जॉब सरकवला तर कटर त्याला मागे रेटतो आणि स्क्रूची मोकळीक एकाच बाजूला राहते. दोहोंची दिशा एकच असेल, तर कटर जॉबला स्वतःकडे ओढून घेतो. मोकळीक असलेल्या टेबलावर त्याचा परिणाम म्हणजे अचानक रुतणे आणि कटर तुटणे. म्हणून ड्रिल यंत्रावर केवळ विरुद्ध दिशेनेच काम करतात.

काम सुरू करण्यापूर्वी टेबल स्पिंडलशी काटकोनात आहे का, हे डायल इंडिकेटरने तपासतात. इंडिकेटर स्पिंडलला बांधून तो हाताने फिरवतात आणि टेबलावरील वाचन सर्व बाजूंना सारखे येते का ते पाहतात. वाइसचा जबडा सरकण्याच्या दिशेला समांतर आहे का, हेही असेच पाहिले जाते.

वेग आणि कापाची खोली

कटरचे मिनिटाला किती फेरे असावेत हे धातू आणि कटरचा व्यास यांवर ठरते. कर्तनवेग मीटर प्रतिमिनिट आणि व्यास मि.मी. मध्ये घेतल्यास, कर्तनवेगाला १,००० ने गुणून व्यास आणि ३.१४ यांच्या गुणाकाराने भागले की फेरे मिळतात. हाय स्पीड स्टीलच्या ६ मि.मी. व्यासाच्या कटरसाठी अंदाजे मूल्ये अशी येतात :

* बीड : कर्तनवेग २० मीटर, सुमारे १,०६० फेरे; कोरडेच कापतात
* मऊ पोलाद : कर्तनवेग २५ मीटर, सुमारे १,३३० फेरे, कटिंग ऑइल
* पितळ : कर्तनवेग ४५ मीटर, सुमारे २,३९० फेरे, बहुधा कोरडे
* अॅल्युमिनियम : कर्तनवेग ६० मीटर, सुमारे ३,१८० फेरे, रॉकेल किंवा हलके तेल

अॅल्युमिनियमसाठी लागणारा वेग अनेक ड्रिल यंत्रांत मिळत नाही. अशा वेळी यंत्राचा सर्वांत मोठा वेग वापरून फीड त्या मानाने कमी करतात. कापाची खोली अॅल्युमिनियममध्ये एका फेरीला सुमारे अर्धा मि.मी. आणि पोलादात त्याहूनही कमी ठेवतात. मात्र फीड अतिशय मंद असल्यास दात कापण्याऐवजी घासतो, तापतो आणि बोथट होतो. बारीक पण स्पष्ट कीस निघत असेल, तर वेग आणि फीड यांचा मेळ बसला आहे असे समजतात.

कामाचे उदाहरण

मोटरच्या पट्ट्याचा ताण कमी-जास्त करता यावा म्हणून तिच्या बैठकीत लांबट खाच ठेवतात. ८ मि.मी. जाडीच्या अॅल्युमिनियम पट्टीत ६ मि.मी. रुंद आणि ४० मि.मी. लांब खाच पाडायची असल्यास पुढील क्रमाने काम करता येते.

१. खाचेच्या दोन टोकांची केंद्रे एकमेकांपासून ३४ मि.मी. अंतरावर आखून घेतात. त्या अंतराचे पाच समान भाग करून ६.८ मि.मी. अंतरावर सहा खुणा पंचने ठोकतात.
२. प्रत्येक खुणेवर ५.५ मि.मी. व्यासाचे आरपार छिद्र पाडतात. यामुळे खाचेतील सुमारे ६१ टक्के धातू ड्रिलनेच निघून जातो, आणि ड्रिलिंग हेच या यंत्राचे खरे काम आहे.
३. जॉब न काढता ड्रिलच्या जागी दोन दातांचा, मध्यापर्यंत धार असलेला ६ मि.मी. चा एंडमिल ड्रॉबारने आवळलेल्या कॉलेटमध्ये बसवतात.
४. क्विल आवळून खोली अर्धा मि.मी. ठेवतात आणि क्रॉस स्लाइडचे चाक सावकाश फिरवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातात. छिद्रांमधील भिंती कापताना कटरला ठेच लागते, म्हणून हात स्थिर ठेवावा लागतो.
५. यंत्र बंद करून ब्रशने कीस काढतात, खोली आणखी अर्धा मि.मी. वाढवतात आणि आरपार जाईपर्यंत हाच क्रम पुन्हा करतात. जॉबखाली लाकडाची पट्टी ठेवली तर कटर वाइसला लागत नाही.
६. कडेला राहिलेली धारदार कोर बारीक कानशीने काढतात.

तयार खाच कटरच्या व्यासापेक्षा किंचित रुंद येते, कारण कटर अगदी अचूक केंद्रावर फिरत नाही. बोल्ट सरकण्यासाठीच्या खाचेला इतकी तफावत चालते. चावी घट्ट बसवण्याच्या खाचेला ती चालत नाही.

सुरक्षितता

* डोळ्यांवर सुरक्षा-चष्मा असावा. धातूचा कीस तापलेला व सुईसारखा असतो.
* फिरत्या यंत्राजवळ हातमोजे घालू नयेत. ओढणी, पदर, सैल बाह्या, मोकळे केस, बांगड्या आणि अंगठ्या यांनाही हाच नियम लागू होतो.
* कीस हाताने किंवा फुंकरीने काढू नये. यंत्र थांबवून ब्रश वापरावा.
* चकाची किल्ली लावलेली असताना यंत्र सुरू करू नये.
* यंत्र बाकाला किंवा जमिनीला बोल्टने आवळलेले असावे आणि त्याला अर्थिंग असावे.
* रॉकेल वापरल्यास जवळ ज्योत किंवा ठिणगी असू नये.
* आवाज बदलला, कंपन वाढले किंवा खाच आपोआप खोल होऊ लागली, तर यंत्र त्वरित बंद करावे. चक सैल होण्याची ही पूर्वचिन्हे असतात.

पर्याय

अनेक घरगुती कामांना मिलिंगची गरजच नसते. ओळीने छिद्रे पाडून मधल्या भिंती छिन्नीने तोडणे आणि उरलेले काम कानशीने करणे ही जुनी, खात्रीची रीत आहे. भारतातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या फिटर अभ्यासक्रमात हॅक्सॉ, छिन्नी आणि कानस यांचा सराव प्रथम करून घेतला जातो, त्यामागे हेच कौशल्य आहे. सराव झालेला हात कानशीने एक-दशांश मि.मी. पेक्षाही सूक्ष्म फरक साधू शकतो.

लेथ उपलब्ध असेल, तर कटर त्याच्या स्पिंडलमध्ये बसवून जॉब उभ्या सरकत्या स्लाइडवर धरता येतो. लेथचा स्पिंडल बाजूचा भार पेलण्यासाठीच बनवलेला असल्याने ही पद्धत ड्रिल यंत्रापेक्षा अधिक भरवशाची असते. नियमित मिलिंग करायचे असल्यास लहान बाक-मिलिंग यंत्र घेणे योग्य ठरते. एखाद-दुसऱ्या जॉबसाठी जवळच्या कार्यशाळेतून काम करून घेणे हे क्रॉस स्लाइड, कॉलेट आणि कटर विकत घेण्यापेक्षा स्वस्त पडू शकते.

हे सुद्धा पहा

* चक्री कर्तन यंत्र
* छिद्रण यंत्र
* लेथ
* कानस
* मोर्स टेपर